धर्म बदलण्याची परवानगी कोणाकडे मागायची?



या पाठात आपल्याला एका सरकारी परिपत्रकाचा अभ्यास करावयाचा आहे. परिपत्रक म्हटले की पुष्कळ वाचक पान उलटतात. पण हे परिपत्रक आपल्या दीक्षेसंबंधी आहे, म्हणून थोडी कळ सोसून ते समजून घ्यावे ही विनंती.

८ एप्रिल २०२४ रोजी गुजरात राज्याच्या गृहविभागाने आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना असे कळविले की, गुजरात धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २००३ याच्या संदर्भात बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म समजला पाहिजे. जी व्यक्ती हिंदूला बौद्ध, जैन किंवा शीख धर्माची दीक्षा देईल, तिने विहित नमुन्यात अर्ज करून जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतली पाहिजे, आणि ज्याने धर्म बदलला त्यानेही तशी माहिती कळविली पाहिजे. हे परिपत्रक काढण्याचे कारणही त्यातच दिले आहे. काही जिल्ह्यांतील कार्यालये दीक्षेसाठी आलेले अर्ज निकाली काढताना, "संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाप्रमाणे बौद्ध हे हिंदूंतच मोडतात, तेव्हा परवानगीची गरज नाही," अशी उत्तरे देत होती. गृहविभागाने ती चूक ठरविली.

गुजरातमध्ये गेल्या काही वर्षांत बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. उना येथे २०१६ साली मेलेल्या गाईचे कातडे सोलण्यावरून ज्या कुटुंबातील तरुणांना भर रस्त्यावर मारहाण झाली, त्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये आपल्याच मोटा समढियाळा गावी शेकडो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. अशा दीक्षांचे अर्ज कार्यालयांत साचत गेले आणि त्यांतून हा प्रश्न उभा राहिला.

आता या परिपत्रकाकडे आपण कसे पाहावे? गुजरातमधील काही बौद्ध कार्यकर्त्यांनी त्याचे स्वागत केले. आपण हिंदू धर्माची शाखा नाही, आपला धर्म वेगळा आहे, हे आपण १९५६ पासून सांगत आलो. ते एका राज्याच्या गृहविभागाने कागदावर मान्य केले, हे काही थोडे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, वेगळेपण मान्य केले ते फाटकाला कुलूप लावण्यासाठी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. कोणत्या म्हणण्याला किती वजन द्यावयाचे हे ठरविण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

त्याच राज्यात २००६ साली नेमके उलटे घडले होते. २००३ च्या अधिनियमात दुरुस्ती करणारे एक विधेयक विधानसभेने संमत केले. त्यात म्हटले होते की, जैन व बौद्ध हे हिंदू धर्माचे पंथ समजावेत. म्हणजे हिंदू बौद्ध झाला तर ते धर्मांतरच नव्हे. त्याला जैन समाजाने आणि बौद्धांनीही विरोध केला. २००७ साली राज्यपालांनी विधेयक परत पाठविले आणि पुढे ते मागे घेण्यात आले. २००६ साली बौद्ध हा हिंदूच होता, २०२४ साली तो स्वतंत्र झाला. या अठरा वर्षांत बौद्ध धम्म बदलला नाही. बदलली ती सरकारची सोय.

२५ व्या अनुच्छेदात खरे काय आहे?

आपल्या सभांतूनही कधी कधी ऐकू येते की, "संविधानाने बौद्धांना हिंदू म्हटले आहे." हे अर्धवट वाचनाचे फळ आहे. अनुच्छेद २५ चा पहिला खंड सर्व व्यक्तींना सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा समान हक्क देतो; त्याला मर्यादा आहेत त्या सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर उपबंध यांच्या. दुसऱ्या खंडाच्या (ख) उपखंडात, सामाजिक सुधारणेसाठी आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांतील हिंदूंना खुल्या करण्यासाठी राज्याला कायदा करता येईल, असे म्हटले आहे. आणि त्या उपखंडापुरतेच, हिंदू या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश समजावा, असे स्पष्टीकरण दिले आहे. "त्या उपखंडापुरतेच" हे शब्द ज्याने वगळले, त्याने संविधान वाचले असे म्हणता येणार नाही. देऊळ सर्वांना खुले करण्याच्या कायद्यासाठी केलेली ती तरतूद आहे. धर्म कोणता हे ठरविण्यासाठी ती केलेली नाही. विवाह व वारसा यांसाठी हिंदू कायदे आपल्याला लागू केले गेले, तेही अशाच व्याख्येच्या वाटेने. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

तेव्हा गुजरातच्या परिपत्रकातील पहिले वाक्य कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. बौद्ध धम्म स्वतंत्र आहे. आपला आक्षेप आहे तो दुसऱ्या वाक्याला, पूर्वपरवानगीला.

परवानगीचा कायदा कोठून आला?

धर्मांतरावर बंधन घालणारे कायदे स्वतंत्र भारताने शोधून काढले नाहीत. मध्य भारतातील रायगढ संस्थानाने १९३६ साली असा कायदा केला आणि त्यामागून आणखी काही संस्थानांनी केले. हे १९३६ साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी घोषणा केली आणि पुढल्याच वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस, मुंबईला महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे सविस्तर मांडली. एकीकडे धर्म बदलण्याचा विचार जाहीर सभेत, हजारो लोकांपुढे, कारणे देऊन मांडला जात होता. दुसरीकडे एक संस्थानिक आपल्या प्रजेने धर्म बदलू नये म्हणून कायदा करीत होता. रायगढचा रोख ख्रिस्ती मिशनऱ्यांवर होता हे खरे. पण राजाने प्रजेच्या श्रद्धेचा पहारेकरी व्हावे, ही कल्पना तेथूनच आली.

स्वातंत्र्यानंतर ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली असे कायदे केले. दोन्हींची नावे गोड आहेत. धर्माच्या "स्वातंत्र्या"चे हे कायदे म्हणावयाचे. ओरिसा उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरविला, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा वैध ठरविला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी १९७७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात दोन्ही कायदे वैध ठरविले. प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्याला समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्या व्यक्तीला धर्मांतरित करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही, असा तो निर्णय आहे.

या निर्णयाचा विपर्यास दोन्ही बाजूंनी होतो, म्हणून येथे थोडे थांबू. "धर्मांतराचा हक्क नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे," असे वर्तमानपत्रांत बिनदिक्कत छापले जाते. न्यायालयाने म्हटले ते दुसऱ्याला धर्मांतरित करण्याविषयी. स्वतः विचार करून स्वतःचा धर्म बदलणाऱ्या माणसाचा हक्क त्याने नाकारला नाही. उलट, सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, या आधारावरच तो युक्तिवाद उभा आहे. क्रियापद कोणाचे, कर्ता कोण, हे येथे सर्वांत महत्त्वाचे. मिशनऱ्याच्या दृष्टीने धर्मांतर ही एकाने दुसऱ्याला करावयाची गोष्ट असू शकते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झाले? महास्थवीर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना त्रिशरण व पंचशील दिले. आणि त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो लोकांना उभे राहून स्वतःच्या तोंडाने बावीस प्रतिज्ञा म्हणावयास सांगितले. प्रत्येक प्रतिज्ञेचा कर्ता "मी" आहे. तेव्हा आपली दीक्षा ही व्याकरणानेसुद्धा "दुसऱ्याने केलेले धर्मांतर" होत नाही.

ओरिसा-मध्य प्रदेशाच्या वाटेने पुढे दहापेक्षा अधिक राज्ये गेली. तमिळनाडूने २००२ साली कायदा केला आणि २००४ साली तो रद्द केला. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. धर्माचा अभ्यास पोलीस महासंचालकांकडे सोपविण्यात आला, एवढेच येथे नोंदवून ठेवतो.

आमिष म्हणजे काय?

कोणावर बळजबरी करून, फसवून किंवा पैसे देऊन धर्म बदलावयास लावू नये, याविषयी बौद्धांत दुमत असण्याचे कारण नाही. अडचण आहे ती "आमिष" या शब्दाच्या व्याख्येत. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेने चालविलेल्या नामांकित शाळेतील मोफत शिक्षण यांच्या बरोबरीने "अधिक चांगले जीवनमान" यालाही आमिष म्हटले आहे. गुजरातने २०२१ च्या दुरुस्तीने आपल्या व्याख्येत तशीच भर घातली.

आता विचार करा. अस्पृश्य म्हणून ज्याला विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्याला कोणी सांगितले की बाबा रे, या धम्मात तुला माणूस म्हणून स्थान आहे, येथे जन्मावरून उच्चनीच मानीत नाहीत, तर हे "अधिक चांगल्या जीवना"चे आमिष ठरेल की नाही? येवल्यापासून नागपूरपर्यंत बाबासाहेबांनी जे सांगितले त्याचे सार तर हेच होते. माणूस धर्म बदलतो तो आपले जीवन अधिक चांगले व्हावे म्हणूनच. वाईट व्हावे म्हणून कोण बदलेल? ज्या व्याख्येत आशा हाच गुन्हा होऊ शकतो, ती व्याख्या फार सैल आहे. आणि सैल व्याख्या कोणाच्या हातात पडते यावर सारे अवलंबून राहते.

त्याहून अपमानास्पद तरतूद आहे ती शिक्षेची. गुजरातच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे बळजबरीच्या, फसवणुकीच्या किंवा आमिषाच्या धर्मांतराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होता. पण धर्मांतरित व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर चार वर्षे आणि एक लाख. इतर राज्यांतही अशी वाढीव शिक्षा आहे. वरवर पाहता हे दुर्बलांचे संरक्षण वाटते. पण त्यात गृहीत काय धरले आहे ते पाहा. उच्चवर्णीय पुरुष फसत नाही. मूल, बाई आणि दलित मात्र चटकन फसतात! पदवी घेतलेली मुलगी, न्यायाधीश झालेला मातंग, कलेक्टर झालेली चर्मकार स्त्री, हे सारे कायद्याच्या डोळ्यांना बुद्धीने दुर्बळ. मनूने स्त्री-शूद्रांना एका ओळीत बसविले होते. या कायद्याने त्यांना पुन्हा एका ओळीत बसविले आहे, फक्त या वेळी कळवळ्याच्या नावाने.

दिल्लीला ५ ऑक्टोबर २०२२ रोजी अशोक विजयादशमीच्या समारंभात हजारो लोकांनी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. त्या समारंभास उपस्थित राहिल्यावरून एवढा गदारोळ झाला की दिल्लीचे मंत्री राजेंद्र पाल गौतम यांनी चार दिवसांनी राजीनामा दिला. ज्या प्रतिज्ञा बाबासाहेबांनी जाहीरपणे दिल्या आणि दरवर्षी दीक्षाभूमीवर म्हटल्या जातात, त्या म्हणताना एक मंत्री व्यासपीठावर दिसला म्हणून त्याचे पद गेले. परवानगीचा अर्ज हाती घेणारा अधिकारीही वर्तमानपत्र वाचत असतो, हे विसरू नये.

न्यायालये काय म्हणतात?

सर्व अंधार आहे असे नाही. हिमाचल प्रदेशाच्या २००६ च्या कायद्यात धर्म बदलण्यापूर्वी तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यास सूचना देण्याची अट होती. मात्र आपल्या मूळ धर्मात परत जाणाऱ्याला ती नव्हती. ऑगस्ट २०१२ मध्ये हिमाचल उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. आपली श्रद्धा मनात ठेवण्याचा आणि ती सरकारपुढे उघड न करण्याचा हक्क माणसाला आहे. आणि परत जाणाऱ्याला सूट व बाहेर पडणाऱ्याला सूचना, हा भेदभाव समानतेच्या तत्त्वात बसत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पण हिमाचल सरकारने २०१९ साली नवा कायदा करून पूर्वसूचना पुन्हा आणली. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यातील साठ दिवसांच्या पूर्वघोषणेचे कलम सकृद्दर्शनी घटनाबाह्य असल्याचे तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले आणि २०१८ साली केरळमधील एका प्रौढ तरुणीच्या प्रकरणात, धर्म व जोडीदार निवडणे हा तिचा स्वतःचा विषय आहे, हे स्पष्ट केले.

उत्तर प्रदेशाचा कायदा मात्र फार कडक आहे. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी घोषणा करावयाची, विधी करणाऱ्याने एक महिना आधी सूचना द्यावयाची, मग पोलिसांमार्फत चौकशी. दीक्षा झाल्यावर पुन्हा घोषणापत्र, ते कार्यालयाच्या फलकावर लावले जाणार, आणि एकवीस दिवसांत स्वतः हजर होऊन ओळख पटवावयाची. आपल्या आधीच्या धर्मात परत जाणाऱ्याला यांतले काहीही नाही. २०२४ साली शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढविण्यात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कायद्याखालील काही गुन्हे रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने, ही पद्धत धर्म बदलणाऱ्यावर फार भार टाकणारी दिसते, अशी टीका केली. कायद्याच्या वैधतेचा निकाल मात्र त्या प्रकरणात द्यावयाचा नव्हता.

फलकावर नाव लावण्याचा अर्थ शहरातल्या वाचकाला कदाचित पुरता कळणार नाही. खेड्यात ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची, ज्याच्या दुकानातून उधार आणावयाचे, त्याला ते नाव कळणार. कायद्याने दीक्षा रोखण्याची गरज उरत नाही. गाव ती रोखते.

सवलत काढून घेऊनही धर्मांतर रोखता येते, याचा अनुभव आपल्याला आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. बौद्धांना महाराष्ट्राने १९६० पासून राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत येण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे बौद्ध होण्याची किंमत केंद्राच्या नोकरीत आणि शिक्षणात मोजावी लागली. तरीही लोक बौद्ध झाले, आणि बौद्ध राहिले. ज्यांनी कागदावर हिंदू व घरात बौद्ध अशी दुहेरी नोंद ठेवली, त्यांना दोष देण्याआधी ही चौतीस वर्षे आठवावीत.

शेजारच्या देशाचा धडा

आता नेपाळकडे वळू. येथे बौद्ध भिक्खूंवरच धर्मांतराचा गुन्हा लादला गेला होता, आणि त्या इतिहासाचा धागा थेट आपल्या दीक्षाभूमीपर्यंत येतो.

राणांच्या राजवटीत नेपाळ हे हिंदू राज्य होते आणि हिंदूने धर्म बदलणे हा कायद्याने गुन्हा होता. काठमांडू खोऱ्यातील नेवार समाजात बौद्ध परंपरा फार जुनी. पण जन्माने हिंदू असलेला माणूस चीवर घालतो म्हणजे काय? १९२६ साली महाप्रज्ञा यांच्यासह पाच भिक्षूंना देशाबाहेर घालविण्यात आले. महाप्रज्ञा हे हिंदू कुळात जन्मले होते, हाच त्यांचा मुख्य अपराध. १९४४ साली पुन्हा आठ भिक्खूंना हद्दपार केले. उपदेश करणार नाही, स्त्रियांना प्रव्रज्या देणार नाही, अशा अर्थाची हमी त्यांच्याकडून मागितली गेली आणि त्यांनी सही करण्यास नकार दिला. हे भिक्खू भारतात आले. कुशीनगर व सारनाथ येथे त्यांना आसरा मिळाला. ३० नोव्हेंबर १९४४ रोजी सारनाथला धर्मोदय सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष होते कुशीनगरचे भदंत चंद्रमणी, म्हणजे बारा वर्षांनी ज्यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेच. श्रीलंकेचे नारद महाथेर १९४६ साली काठमांडूला गेले, त्यांनी राणा सरकारकडे शब्द टाकला, आणि मग हद्दपार भिक्खूंना परत येता आले.

त्याच काठमांडूत नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषद भरली आणि २० नोव्हेंबरला बाबासाहेबांनी तेथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. ज्या देशाने हिंदूने बौद्ध होणे हा गुन्हा मानला होता, त्याच देशाच्या राजधानीत, पाच आठवड्यांपूर्वी लाखो लोकांसह हिंदू धर्म सोडून आलेला पुरुष व्यासपीठावर उभा होता.

पण नेपाळचा कायदा तेवढ्याने सुटला नाही. २०१५ च्या संविधानाने नेपाळ धर्मनिरपेक्ष झाले. त्याच संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास बंदी आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. धर्मनिरपेक्ष हा शब्द छापल्याने काम भागत नाही.

बौद्ध बहुसंख्य असले म्हणजे?

येथे आपल्याला अवघड वाटेल अशीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१५ साली म्यानमारने, म्हणजे भदंत चंद्रमणींच्या जन्मभूमीने, धर्मांतराविषयी कायदा केला. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने अठरा वर्षे पूर्ण केलेली असावीत, त्याने तालुका पातळीच्या मंडळाकडे कारणांसह अर्ज करावा, मंडळापुढे मुलाखत द्यावी, नव्या धर्माचा नव्वद दिवसांपर्यंत अभ्यास करावा, आणि मग मंडळाने प्रमाणपत्र द्यावे. या कायद्यामागे चीवरधारी भिक्खूंच्या संघटनेचा जोर होता आणि त्याचा रोख तेथील मुसलमानांवर होता. श्रीलंकेतही २००४ साली भिक्खूंच्या पक्षाने धर्मांतरविरोधी विधेयक आणले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे संविधानाशी विसंगत ठरविली. मुसलमान बहुसंख्य असलेल्या मलेशियात २००७ साली एका स्त्रीला ओळखपत्रावरील "इस्लाम" हा शब्द काढून मिळाला नाही. अर्ज, मुलाखत, प्रमाणपत्र, ओळखपत्र. देश बदलतो, धर्म बदलतो, खिडकीवरचा कारकून तोच. गुजरातच्या परवानगीला आपण नाही म्हणत असू तर म्यानमारच्या परवानगीलाही नाही म्हटले पाहिजे, आणि तेही "आपले" म्हणून आवाज न खाली करता.

जगाच्या पातळीवर हा वाद एका शब्दावर अडला आहे. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या १८ व्या कलमात धर्म "बदलण्याचे" स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत आहे. सौदी अरेबियाने त्याला हरकत घेतली आणि मतदानात भाग घेतला नाही. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात "बदलणे" गेले आणि "धारण करणे किंवा स्वीकारणे" आले. १९८१ च्या जाहीरनाम्यात "स्वीकारणे"ही गेले. भारताने १९६६ चा करार १९७९ साली मान्य केलेला आहे.

धम्मात परवानगी आहे काय?

कोणी म्हणेल, "तुमच्या विनयातही परवानगी आहेच की!" खरे आहे. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून भगवंतांनी नियम केला की आईवडिलांच्या अनुमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बिंबिसाराच्या सैन्यातील लोक संघात येऊ लागले तेव्हा राजसेवकांना प्रव्रज्या देऊ नये असाही नियम झाला. उपसंपदेच्या वेळी, तू ऋणमुक्त आहेस ना, राजसेवेत नाहीस ना, आईवडिलांची अनुमती आहे ना, असे विचारले जाते. पण ही सारी विचारणा घर सोडणाऱ्याची आहे. ज्याच्यावर कोणाचे देणे आहे, त्याने ते बुडवून चीवरामागे लपू नये, एवढाच तिचा हेतू. त्रिशरण घेऊन उपासक होणाऱ्याला भगवंतांनी राजाची चिठ्ठी आणावयास कधी सांगितले नाही.

उपाली गृहपतीची कथा मज्झिम निकायात आहे. हा नालंदेचा धनिक, निगंठ नातपुत्ताचा अनुयायी, भगवंतांशी वाद करण्यासाठी गेला आणि पटल्यावर शरण जाऊ लागला. तेव्हा भगवंतांनी त्याला घाई करू नकोस, नीट विचार कर, असे सांगितले. आणि तुझ्या घरी निगंठांना आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस, असेही सांगितले. विचार करावयास सांगितले ते गुरूने, आणि विचार करावयाचा तो उपालीने. मध्ये कोणी दंडाधिकारी नाही. आपल्या दीक्षा समारंभांत उपालीला दिलेला हा अवकाश आपण किती देतो, हा प्रश्न मात्र संयोजकांनी स्वतःला विचारावा. एकाच मांडवात सकाळी नोंदणी आणि दुपारी दीक्षा, मध्ये धम्माचे दोन शब्द नाहीत, असे होऊ नये.

दीक्षेच्या संयोजकांसाठी

ज्या राज्यांत असे कायदे आहेत तेथे दीक्षा समारंभ घेणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. त्या राज्याचा कायदा व नियम मूळ स्वरूपात मिळवून वकिलाकडून समजून घ्यावेत. एका राज्याची मुदत दुसऱ्या राज्यात लागू पडत नाही. दीक्षा घेणारा अठरा वर्षांवरील असल्याचा पुरावा घ्यावा. आपण स्वखुशीने, विचारपूर्वक दीक्षा घेत आहोत, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून सही करावे. छापील मजकुरावर अंगठे घेऊ नयेत. समारंभात साड्या, भांडी, वह्या यांचे वाटप त्या दिवशी करू नये. ते पुण्यकर्म दुसऱ्या दिवशीही करता येते. अनुसूचित जातीचा दाखला असलेल्यांनी दीक्षेनंतर बौद्ध म्हणून दाखला काढताना १९९० च्या दुरुस्तीचा हवाला द्यावा, कारण काही कार्यालयांतील कारकुनांना ती अजून ठाऊक नसते.

गुजरातमधील बांधवांनी परवानगीच्या तरतुदीला न्यायालयात आव्हान द्यावे की नाही, हा त्यांच्या संघटनांनी ठरविण्याचा प्रश्न आहे. तोपर्यंत, दीक्षा देणाऱ्याने पूर्वपरवानगी घेतली नाही किंवा धर्म बदलणाऱ्याने कळविले नाही, तर त्या कायद्याने एक वर्षापर्यंतची कैद आहे. दीक्षा घेतल्यानंतर कळविण्याची मुदत दहा दिवसांची आहे. म्हणून अर्ज द्यावा तो दोन प्रतींत, त्यात "बौद्ध धम्म हा स्वतंत्र धर्म आहे" हे गृहविभागाचेच म्हणणे तारखेसह उद्धृत करावे, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.